परवान्याचे निकष आधी सांगा, मग माल अडवा

मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योगमंत्री यांस,
स. न. वि. वि. (ऑगस्ट 2023)

3 ऑगस्ट 2023 ला लॅपटॉप, टॅबलेट, सर्व्हर आयातीच्या निर्बंधित यादीत टाकलेत, म्हणजे सरकारी परवान्याविना ते आणता येणार नाहीत, तेही त्याच दिवसापासून. 4 तारखेला परवान्याविना माल सोडवायची मुदत 31 ऑक्टोबरपर्यंत वाढवलीत. आदेश काढण्याआधी बंदरावरच्या एकाही माणसाला विचारलेले दिसत नाही.

परवान्याविना काय होते ते ऐका. जहाजाने येणाऱ्या मालाचे बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याला द्यायचे आयातीचे विवरणपत्र, जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचे असते. परवान्याची वाट पाहत थांबलो तर उशिराचे शुल्क पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये, पुढे रोज 10,000. परवान्याविना भरले तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 111(डी)खाली जप्ती, आणि माल सोडवायला कलम 125 चा दंड. तोवर कंटेनर अडकवून ठेवल्याचा आकार (डिटेन्शन) आणि बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामाचे (सीएफएस) भाडे चढतच असते. परदेशी विक्रेत्याने कागदपत्रे दिली की एलसीचे, म्हणजे बँकेच्या हमीपत्राचे, पैसे मात्र बँक चुकते करते. यात लहान आयातदाराचे भांडवलच बुडते.

कारण सुरक्षेचे सांगता. परवाना आयातदाराला मिळतो, त्याने यंत्रातले फर्मवेअर (आत बसवलेले सॉफ्टवेअर) तपासले जात नाही. बीआयएस या मानक संस्थेकडे नोंदणी, वायफायसाठी ईटीए ही बिनतारी उपकरणाची मंजुरी, ई-कचऱ्यासाठी ईपीआर ही विल्हेवाटीची जबाबदारी हे सगळे आम्ही आधीच करतो. खरी गोष्ट अशी की, जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारामुळे या मालावर शुल्क शून्य आहे, ते वाढवता येत नाही, म्हणून परवाना पुढे केला आहे. तसे उघड सांगा ना!

1995 पासून जागतिक व्यापार संघटनेचा आयात परवाना करार आपल्यावर बंधनकारक आहे. नियम शक्य तेव्हा 21 दिवस आधी प्रसिद्ध करायचे. आपोआप मिळणारा परवाना 10 कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. तसा नसेल तर आल्या क्रमाने घेतलेल्या अर्जाला 30 दिवस, सगळे अर्ज एकत्र घेतले तर 60. कागदातल्या किरकोळ चुकीवर अर्ज फेटाळायचा नाही. तुमचा परवाना यातला कोणता? कोणी किती माल आणायचा तो कोटा मागच्या आयातीवर ठरणार असेल तर नव्या माणसाने धंद्यात यायचेच नाही का?

मुगाचेही हेच झाले. आयात 31 मार्च 2022 पर्यंत मुक्त म्हणालात आणि 11 फेब्रुवारीलाच निर्बंध आणलेत. सरकारने छापलेली तारीख सरकारच पाळत नसेल, तर सौदे कशाच्या भरवशावर करायचे? 2001 मध्ये उरलेसुरले आयात निर्बंध उठले तेव्हा परवान्यासाठी दिल्लीचे उंबरे झिजवणे संपले असे वाटले होते. ते परत आणू नका.

दिवाळी 12 नोव्हेंबरला आहे, त्या मालाच्या ऑर्डरी आत्ताच द्याव्या लागतात. निकष, लागणारे कागद आणि निर्णयाची मुदत ऑगस्ट संपायच्या आत लेखी जाहीर करा. 31 ऑक्टोबरपूर्वीची बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) असलेला माल नंतर पोचला तरी परवान्याविना सुटेल, हेही त्यातच लिहा.

आपला,
मुंबईतील एक संगणक आयातदार