मोडी वाचून देणाऱ्या गुरुजींस अनावृत पत्र

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

आमच्या कोकणातल्या घराच्या जमाखर्चाच्या वहीचे आपण केलेले देवनागरी लिप्यंतर परवा हाती आले आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. फोनवर आभार मानले तेव्हा ‘त्यात काय एवढे’ म्हणून आपण पावसापाण्याची चौकशी सुरू केलीत. म्हणून हे चारचौघांत लिहीत आहे. इथे आपल्याला विषय बदलता येणार नाही.

आपल्याआधी हा रुमाल, म्हणजे वहीचे कापडात बांधलेले दप्तर, ज्यांच्या हातांतून गेला, त्यांच्याबद्दल फार लिहू नये असे आत्या म्हणते, पण थोडे लिहितोच. एका कार्यालयात तो पावसाळाभर पडून राहिला आणि ‘किरकोळ घरखर्च, ऐतिहासिक महत्त्व नाही’ असा शेरा घेऊन परतला. सोबत कागद खाणारी कसरही वाढवून आला. मग आगाऊ पैसे घेणारे एक जाणकार भेटले. त्यांनी वही पेशवाईतली ठरवली आणि अर्ध्या रुपयाचे दोन उभे दंड अकरा म्हणून वाचले, त्यामुळे साडेसात रुपयांच्या चिऱ्यांचे सातशे अकरा रुपये झाले. आमचे एक चुलतबंधू त्या आकड्यांच्या बळावर घराण्याची श्रीमंती लग्नकार्यांतून सांगत हिंडले होते; त्यांची आता चांगलीच पंचाईत झाली आहे.

शकाचा आकडा कसरीने खाल्ला होता, पण ‘विक्रमनाम संवत्सरे’ एवढे शाबूत होते. संवत्सराचे नाव साठ वर्षांनी फिरून येते, तेव्हा साल १८२० तरी असणार किंवा १८८० तरी. १८२० धरले तरी पेशवाई १८१८ मध्येच बुडालेली. शिवाय त्याच पानावर मंगळुरी कौले आहेत आणि मंगळुरास बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला तो १८६५ मध्ये. म्हणजे साल १८८०, शके १८०२. हे आपण चहा निवायच्या आत सांगून मोकळे झालात.

त्या वर्षापर्यंत आमच्या घरावर कुंभाराचे नळे, म्हणजे हाताने घडवलेली अर्धगोल कौले, होती. दर वैशाखात, मृगाच्या आधी, घर शाकारायचे, माकडांनी फोडलेले नळे बदलायचे आणि कुंभाराला काही रोख, काही भात द्यायचे, हा खर्च वहीत ठरलेला आहे. मंगळुरी कौले घालायचे ठरले तेव्हा कौलांपेक्षा जास्त पैसा लाकडाला लागला, हे मला आपल्या लिप्यंतरावरून पहिल्यांदा उमगले. नळे वाकड्यातिकड्या वाशांवरही निभावून नेतात. मंगळुरी कौलाला मात्र सरळ कापलेले वासे आणि सारख्या अंतराच्या रिपा लागतात, म्हणजे आढ्यापासून सगळे छप्पर नव्याने उभे करणे आले. त्यातून कौले येणार गलबताने, आणि पावसाळ्यात बंदर बंद, तेव्हा खेप चुकली तर नारळी पौर्णिमेपर्यंत माणसांनी कुठे राहायचे? पैसा यायचा मुंबईहून, खापरपणजोबांकडून. टपालखात्याची मनिऑर्डर त्याच १८८० मध्ये सुरू झाली होती आणि वहीत ती लगेच दिसते. ती उशिरा आली की उसनवार, आली की फेड. शिंपल्यांच्या चुन्याचे माप कमी भरले म्हणून दीड आणा कापून घेतल्याची नोंदसुद्धा आहे. त्यानंतरच्या वैशाखात कुंभाराचे नाव वहीतून नाहीसे होते. नव्या छपराची बचत वाचताना त्याचे पुढे काय झाले असेल, हा विचार मला सुटला नाही.

पण मला लिहायचे आहे ते त्या नोंदींच्या शेवटी येणाऱ्या दोन शब्दांबद्दल. जवळजवळ प्रत्येक ओळीअखेर ‘गुजारत वहिनीबाई’ असे आहे. म्हणजे पैसा दिला गेला तो त्यांच्या हातून. ‘घर खापरपणजोबांनी बांधले’ असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, आणि ते तर मुंबईत होते. आधीच्या जाणकारांनी हे दोन शब्द सरसकट गाळून नुसत्या बेरजा दिल्या होत्या. दुसऱ्या कुणीही पहिल्या ओळीनंतर ‘कित्ता’, म्हणजे ‘वरीलप्रमाणे’, लिहून हात मोकळा केला असता. आपण प्रत्येक वेळी ते नाव पूर्ण लिहिलेत. पानाच्या कडेला जागा उरली नाही तिथे आपली निळी अक्षरे बारीक होऊन समासात चढली आहेत, पण तुटलेली नाहीत. एवढा त्रास का घेतलात, असे विचारले तर म्हणालात, ‘मूळ लिहिणाऱ्याने कंटाळा केला नाही, मी कशाला करू?’ ही वहिनीबाई म्हणजे आमची खापरपणजी, असे आम्ही तिथल्या तिथे ठरवून टाकले होते. त्यावर ‘या वहीवरून तसे ठरत नाही, थोरली-धाकटी कोणीही जाऊ असू शकेल’ अशी टीपही आपण शेवटी जोडलीत. आत्या थोडी हिरमुसली, पण आपल्यावरचा तिचा विश्वास त्या टिपेनेच पक्का झाला.

गुरुजी, आमच्या घरात मोडी कोणालाच येत नाही. आपण चार ओळी गाळल्या असत्या तर आम्हाला पत्ता लागला नसता, आणि हे आपल्याला ठाऊक होते. त्या आधीच्या गृहस्थांनाही ठाऊक होते, त्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. तपासणारे कोणी नसताना काम पुरे करणारी माणसे आजही आहेत. ती बोलत नाहीत म्हणून दिसत नाहीत. आपण तर कागदाचे आणि टपालाचे पैसे सोडून काहीच घेतले नाहीत.

माळ्यावर आणखी एक रुमाल सापडला आहे. त्यात विहिरीचे आणि पडवीचे हिशेब असावेत, असे वरच्या चिठ्ठीवरून वाटते. तो आपल्याकडेच यायचा आहे, मात्र या खेपेस मानधन घेतल्याशिवाय गाठ सोडायची नाही, असे आत्याने बजावले आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला कृतज्ञ