सुऱ्या, हेराल्ड भंगारात घालू नकोस

प्रिय सुऱ्या,

तू अण्णांची जुनी हेराल्ड गाडी भंगारात घालायला निघालायस, त्याबद्दलच बोलायचंय. हे सगळं फोनवर सांगायला बसलो असतो तर मध्येच तुझं नेटवर्क गेलं असतं आणि मग परत पहिल्यापासून, म्हणून लिहितोय. लांबलंय जरा, चहा घेऊन बस.

तर इथं इंग्लंडात आमच्या लेमिंग्टनच्या घराशेजारी एक म्हातारबाबा राहतात. रिटायर्ड, मुलगी ऑस्ट्रेलियात, आणि घरी सोबतीला १९७२ ची एक एमजीबी गाडी. एमजी म्हटलं की तिकडे आता हेक्टर डोळ्यासमोर येते ना, ही ती नव्हे बाबा. ही दोन सीटची, टप उघडणारी, अठराशे सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर आणि बसलं की बूड रस्त्याला टेकतंय असं वाटावं इतकी खाली. मे महिन्यात बँक हॉलिडेला जोडून मी सुट्टी टाकली आणि आम्ही दोघं निघालो, बाबांचे जुने दोस्त आणि त्यांच्या ओळखीची गॅरेजं करत करत, ॲबिंग्डनपासून मालव्हर्नपर्यंत. हॉटेल कुठंच नाही, वारीसारखं, ज्याच्या दारात जाऊ तिथं मुक्काम आणि तिथंच जेवण. (जेवणाबद्दल काही बोलत नाही. उकडलेला बटाटा किती प्रकारे वाढता येतो ते कळलं, एवढंच.)

ही गाडी चालू कशी होते ऐक. चावी फिरवली की मागच्या उजव्या चाकाकडून टिकटिकटिक ऐकू येतं, तो टाकीतलं पेट्रोल ओढणारा पंप. कार्बोरेटर भरला की टिकटिक मंदावते, मग चोक ओढायचा आणि स्टार्टर मारायचा. एका पेट्रोल पंपावर आम्ही भरून निघालो तर चावी फिरवल्यावर सामसूम. बाबांच्या कपाळावर आठी नाही! उतरले, डिकीतून लाकडी मुठीचा हातोडा काढला, चाकाच्या वर हात घालून गाडीच्या पंपाला हलकेच दोन टोले दिले आणि टिकटिक सुरू. आतले पॉइंट जळून चिकटतात, दणका बसला की सुटतात, पन्नास वर्षांच्या गाडीत चालायचंच म्हणाले. आपले स्टँडजवळचे मिस्त्री आठवले रे, त्यांचंही अर्धं शास्त्र हातोडीतच होतं.

ॲबिंग्डनला आता बघण्यासारखं फार नाही. एमजीचा कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात बंद पडला, एमजीवाल्यांच्या क्लबचं ऑफिस मात्र अजून गावात आहे. बाबा थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले चल, विटनीकडे जाऊ, तिथं खरी गंमत आहे. आणि खरंच आहे! विटनीला एक कंपनी आहे, ती १९८८ पासून एमजीबीची अख्खी बॉडी नवी कोरी बनवून देते, आणि तीही बहुतेक जुन्याच डायवर, म्हणजे कारखान्यात पत्रा ज्या डायखाली दाबला जायचा त्या डाय कुणीतरी भंगारात जाऊ दिल्या नाहीत. म्हणजे तुझी गाडी पार कुजली तरी इंजिन, ॲक्सल, काचा, सीट उचलून नव्या बॉडीत बसवता येतात. लोकांना वाटतं या गाड्या बड्या लोकांच्या हौसेवर जगतात. ते जग्वार ई-टाइपचं वगैरे खरं असेल, पण आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यातला एक प्लंबर, एक पोस्टमन, आणि एक शाळेतल्या बाई. गाड्या जगल्यात त्या सुटे भाग मिळतात म्हणून, बाकी हौस आपल्याकडेही काय कमी आहे होय?

त्या बाईंची गाडी सांगतोच. ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९५८ साली आलेलं मॉडेल, बॉनेटवर दोन बटबटीत दिवे म्हणून इथं सगळे तिला फ्रॉगआय म्हणतात. स्वस्तात बसवायची म्हणून दाराला बाहेरून हँडल नाही आणि मागं डिकीचं झाकणच नाही, सामान ठेवायचं तर सीट पुढं करून त्या बोळकांडीत शिरायचं. सत्तरी ओलांडलेली बाई माझ्यादेखत कमरेपर्यंत आत गेली आणि स्टेपनी ओढून बाहेर आली. मी मदत करू का विचारलं तर असं बघितलं माझ्याकडे की काही विचारू नकोस.

बिस्टरजवळच्या एका गॅरेजात एमजीबी बघायची युक्ती शिकलो. या गाडीला वेगळी चासी नाही, सगळा भार दाराखालच्या पेट्यांवर, इथले लोक त्यांना सिल म्हणतात. मिस्त्रीनं दार बंद असताना दाराच्या मागची फट बघितली, वरून खाली बोट फिरवत, मग जॅक लावून गाडी उचलली आणि परत तिथंच बोट. वरची फट आवळली की समजायचं आत सगळं गंजलंय, वरून कितीही चकाचक रंग असू दे. बाबांच्या गाडीची फट जराही हलली नाही, तेव्हा त्यांचा चेहरा बघायला हवा होतास, पोरगा दहावीला पहिला आल्यासारखा!

आता मुद्द्याचं. कॉव्हेंट्रीबाहेर एका शेडमध्ये एक म्हातारा आणि त्याची नात ट्रायम्फच्या गाड्या करतात. फक्त ट्रायम्फ, दुसरी गाडी आत घेत नाहीत. मी सहज म्हटलं की माझ्या मित्राच्या वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड आहे, १९६६ ची, मद्रासला बनलेली (ट्रायम्फ हेराल्डच ती, आपल्याकडे स्टँडर्ड नावानं बनायची), तर त्यानं हातातला पानाच खाली ठेवला. मग मला ट्रायम्फच्याच स्पिटफायर नावाच्या एका स्पोर्ट्स कारकडे ओढत नेलं आणि बॉनेट उघडलं. सुऱ्या, तेच रे! अख्खं नाक पुढं कलंडतं आणि इंजिन असं उघडं पडतं की टायरवर बसून काम करावं, आपण अण्णांच्या गाडीला करायचो तस्सं. कारण स्पिटफायर ही हेराल्डचीच चासी आखूड करून केलेली, पुढचं सस्पेन्शन त्याच घराण्यातलं, मागं आडवा पाटा तोच. मिकेलोट्टी नावाच्या एकाच इटालियन माणसानं दोन्हींचं डिझाइन केलंय. म्हणजे अण्णांची गाडी ही एका स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण आहे आणि तू तिच्यावर कडबा रचून ठेवलायस!

नातीनं मला पुढच्या चाकामागचा एक पितळी तुकडा हातात दिला, ट्रनियन म्हणतात त्याला. आत आटे, त्यात लोखंडी दांडा बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की तो त्या आट्यांत फिरतो. याच्यात ग्रीस घालायचं नाही, गिअर ऑइल घालायचं, हे तिनं इतक्या वेळा बजावलं की मी शेवटी लिहूनच घेतलं. ऑइल नसलं तर पाणी शिरतं, दांडा गंजून आट्यातच तुटतो आणि चाक आत मुडपतं, चालत्या गाडीत. आपल्याकडे सगळे डोळे झाकून ग्रीसगन मारतात, तेव्हा अण्णांच्या गाडीला काय घातलंय देवाला माहीत. पण तो तुकडा नवा मिळतो! बुश मिळतात, ब्रेकचे सिलिंडर मिळतात, चासीच्या बाजूचे हात मिळतात, इंजिनाच्या गास्केटचा सेट मिळतो.

मालव्हर्नला मॉर्गनचा कारखाना बघितला, अजून बॉडीचा सांगाडा ॲश नावाच्या लाकडाचाच करतात, सुतारकामाचा वास येतो आत. भारी आहे, पण त्यावर वेगळं पत्र.

तू आता एवढं कर. भंगारवाल्याला नको म्हणून सांग. कडबा काढ, गाडीखाली शिर आणि स्क्रूड्रायव्हरनं चासीला टोचत जा, विशेष करून बाजूचे हात आणि मागचं टोक, आरपार गेला तिथं खडूनं खूण कर आणि फोटो पाठव. स्टार्टर मारायचा नाही, काय वाट्टेल ते झालं तरी. प्लग काढ, चारी भोकांत थोडं थोडं ऑइल सोड, एक-दोन दिवस तसंच राहू दे, मग टॉपचा गिअर टाकून गाडी हळूच ढकलून बघ इंजिन फिरतंय का. पेट्रोलचे जुने रबरी पाइप सगळे फेकून दे, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलमध्ये ते टिकत नाहीत, इथंही सगळे त्याच नावानं बोटं मोडतात. आणि आरसी बुक कपाटात शोध, काकूंना विचार, त्यांच्या साडीच्या घडीत असणार.

डिसेंबरला येताना ट्रनियन आणि बुश बॅगेत घालून आणतो. पितळ जड असतं, त्यामुळे चिऊची चॉकलेटं यंदा कमी येतील, तिला तूच समजव.

तुझा,
मन्या