राखीवांचा मोसम

कोलंबसजवळ, इंडियाना, अमेरिका
१५ मार्च

ती. आप्पा आणि सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर मी सांगितलं की थोरला ‘रिझर्व्ह’ संघात खेळतो, आणि आप्पा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग हळूच विचारलंत, “राखीवमध्ये? म्हणजे पोराला खेळायला मिळतं का नाही?” तुमचा तो आवाज अजून कानात आहे. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

तुमच्या खो-खोच्या संघात बारा पोरं असायची. नऊ मैदानात, तीन राखीव. पहाटेचा सराव बाराही जणांना सारखाच, पण जिल्ह्याच्या सामन्याला त्या तिघांच्या वाट्याला पाण्याच्या बाटल्या यायच्या. तुम्हाला ते खुपायचं. सामना हातात आला की शेवटच्या डावात तुम्ही तिघांनाही उतरवायचात. एकदा त्यावरून तुम्हाला बोलणीही खावी लागली होती, आणि त्या रात्री तुम्ही न जेवता झोपला होतात. मी तेव्हा सातवीत होते.

इथं राखीव म्हणजे बाकावर बसलेली पोरं नव्हेत. त्यांचा संघ वेगळा, सामने वेगळे, पंच वेगळे, अख्खा मोसम वेगळा. वरच्या संघाला ‘व्हर्सिटी’ म्हणतात, त्यात बहुतेक अकरावी-बारावीची मुलं. खाली नववी-दहावीची पोरं शिकत असतात, तो रिझर्व्ह. ह्यांच्या कमिन्स कंपनीमुळे कोलंबसात कोथरूडची बरीच घरं आहेत, तिथल्या शाळा मोठ्या, मुलंही भरपूर. आमचं गाव तिथून वीस मैल आत, चहूबाजूंनी मका नि सोयाबीन. शाळा एवढी लहान की जी पोरं ऑगस्टमध्ये फुटबॉलला तीच नोव्हेंबरात बास्केटबॉलला. थोरलाही दोन्ही खेळतो.

फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. एका बाजूला अकरा जण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, नाही सरकलं तर चेंडू समोरच्यांकडे. खरं गाव जमतं ते शुक्रवारी रात्री, व्हर्सिटीला. रिझर्व्हचा सामना सोमवारी संध्याकाळी सहाला, म्हणजे तुमच्याकडे मंगळवारची पहाटेची साडेतीन. बघायला चाळीसेक माणसं, त्यात निम्मे आईबाप. पण आप्पा, मैदान शुक्रवारी आखतात तसंच सोमवारी आखतात. धावफलक लावतात. पट्ट्यापट्ट्यांचे शर्ट घातलेले पंच येतात आणि चेंडू कुठं ठेवायचा ते तितक्याच गंभीरपणे ठरवतात.

ते दहा यार्ड कशानं मोजतात माहीत आहे? साखळीनं! दोन टोकांना दोन काठ्या आणि मध्ये तीस फुटांची लोखंडी साखळी. आपली गुंठ्याची साखळी तेहेतीस फुटांची, ही तीनच फूट कमी. ऑक्टोबरातल्या एका सोमवारी साखळी धरायला माणूस कमी पडला. मळणी जोरात होती, बरेचसे बाप यंत्रावर होते. कोचनं माझ्याकडे बघितलं, आणि मी नारिंगी बंडी घालून काठी घेऊन उभी राहिले. बांधाची मोजणी असली की तुम्ही मला मोजणीदाराच्या मागं उभं करायचात, तेच आठवत होतं. तिसऱ्या प्रयत्नानंतर पंचांनी मोजायला बोलावलं. आम्ही दोघं पळत मैदानाच्या मधोमध गेलो, काठी रोवली, साखळी ताणली. कड्या ओल्या गवतानं थंडगार झाल्या होत्या. चेंडू चार बोटं मागं राहिला होता. बावीस पोरं माना वाकवून ती चार बोटं बघत होती. कुणी ओरडलं नाही, वाद घातला नाही. त्या घोळक्यात हेल्मेटच्या जाळीतून थोरला माझ्याकडे बघत होता, आणि मी त्याची आई आहे हे दोघांनीही चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

त्यांचे सात सामने झाले, दोन रद्द झाले. लहान गावाचं हेच दुखणं. शुक्रवारी व्हर्सिटीची चार पोरं जायबंदी झाली की रिझर्व्हमधून चार वर जातात, मग सोमवारी अकरा उभे करणं मुश्किल. रद्द झाल्याचा निरोप आला त्या दिवशी थोरला खांद्याचे गादीवाले पट्टे चढवून अंगणात एकटाच पळत होता. आई, तू डोक्याला मार लागण्याची काळजी करतेस म्हणून सांगते. तसा नुसता संशय आला तरी पोराला तिथल्या तिथं बाहेर काढतात. मग निदान चोवीस तास आणि डॉक्टरांची लेखी परवानगी मिळेपर्यंत परत घेत नाहीत. तसा कायदाच आहे या राज्यात.

पण इंडियानाचा खरा जीव बास्केटबॉलमध्ये. खेळ जन्मला मॅसॅच्युसेट्समध्ये, १८९१ साली, पण वाढला इथल्या शेतकऱ्यांच्या गावांत. न्यू कॅसल नावाच्या गावात शाळेच्या जिममध्ये आठ हजारांच्या आसपास माणसं बसतात. शाळेच्या, आप्पा! डिसेंबरात आम्ही मायलनला जाऊन आलो, इथून तासाभरावर. १९५४ साली त्या शाळेत सगळी मिळून १६१ मुलं होती, आणि अंतिम सामन्यात त्यांनी मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२-३० असं हरवलं. बॉबी प्लम्प नावाचा पोरगा शेवटच्या डावात चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून नुसता उभा राहिला, आणि शेवटच्या क्षणी त्यानंच टोपली केली. तेव्हा राज्यातल्या लहानमोठ्या सगळ्या शाळा एकाच स्पर्धेत असायच्या. १९९७ नंतर चार गट पाडले. गावातले म्हातारे अजून हळहळतात, आणि मला त्यांचं पटतं. लहान शाळेला मोठ्या शाळेशी भिडण्याची संधी तरी होती.

मायलनच्या संग्रहालयातल्या वस्तू बघताना तुमची अमरावतीची गोष्ट आठवली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं १९३६ साली बर्लिनला गेली, ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले मैदानी खेळ जगाला दाखवले, हे तुम्ही आम्हाला किती वेळा सांगितलंत! त्याच बर्लिनमध्ये, त्याच वर्षी, बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला, आणि तो खेळ शोधणारे नायस्मिथ स्वतः तिथं हजर होते. मी थोरल्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे आजोबांचा खेळ आणि माझा खेळ एकाच गावात भेटले होते.”

बास्केटबॉलच्या रिझर्व्हचं मला फार आवडतं. त्यांचा सामना व्हर्सिटीच्या आधी, त्याच जिममध्ये, त्याच रात्री. सहा वाजता सुरू होतो तेव्हा बाकं रिकामी. पुढच्या सामन्याला निघालेली माणसं हळूहळू येऊ लागतात, कोट काढतात, पॉपकॉर्न घेतात, आणि शेवटच्या आठ-दहा मिनिटांत जिम भरलेलं असतं. आपली धाकटी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, तीही तोवर येऊन बसते. काही म्हातारे मात्र सहालाच हजर असतात. एकजण मला म्हणाले, पुढच्या दोन वर्षांचं पीक आत्ताच बघून घेतो. त्यांना पोरांची नावं, बापाची नावं, बाप कुठल्या साली खेळला, सगळं पाठ.

आणि आप्पा, थोरला बचावाला जसा बसतो ना, तसा संघात कुणी बसत नाही. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, टाचा उचललेल्या. कोचनं विचारलं, हे कुठं शिकलास? त्यानं तुमचं नाव सांगितलं. दोन वर्षांपूर्वी सुटीत तुम्ही त्याला रांगेत बसवलंत, खो मिळाला की ज्या पायानं उठायचं ते शंभरदा करून घेतलंत. तेव्हा तो रडकुंडीला आला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सेक्शनल झाली, राज्य स्पर्धेची पहिली पायरी. त्यात कुणाला वगळत नाहीत. वर्षभर हरलेली शाळाही असते. कोचनं रिझर्व्हमधल्या दोघांना व्हर्सिटीबरोबर घेतलं, त्यात हा एक. वर घातलेला सरावाचा शर्ट एवढा ढगळ की बाह्यांत कोपरं हरवली होती. आमची शाळा पहिल्याच सामन्यात हरली. हा मिनिटभरही मैदानात उतरला नाही. प्रत्येक विश्रांतीला उठून पाण्याच्या बाटल्या देत होता. मला तुमची ती तीन पोरं आठवली आणि माझेच डोळे भरून आले. तो मात्र गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य म्हणाला, “पुढच्या वर्षी बारावीचे पाच जण जातील. पाच जागा आहेत.”

शाळा मेअखेर संपते. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कराडला येतो, तिकिटं काढली आहेत. पाऊस लागायच्या आत त्याला पहाटे मैदानावर न्या. बसायला तो शिकला, पण खांबाला सूर मारायला अजून घाबरतो.

तुमची लेक