खाऱ्या पाण्याच्या टाकीत उघडा हात नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात खाऱ्या पाण्याला औषध मानतात. मे महिन्यात समुद्रस्नानासाठी चार दिवस किनाऱ्यावर येऊन राहणारी कुटुंबे आजही आहेत, आणि पायाला काही लागले की ‘खाऱ्या पाण्यात बुडव, सुकेल’ असे सांगणारी वडीलधारी माणसे तर घरोघरी आहेत. त्याच भरवशावर मी घरातल्या दोनशे लिटरच्या रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, सहा वर्षे कोपरापर्यंत उघडा हात घालत आलो.

गेल्या पावसाळ्यात पंपाची जाळी साफ करण्यासाठी काढताना उजव्या मधल्या बोटाच्या पेरावर दगडाची धार लागली. ओरखडा इतका किरकोळ होता की चार दिवसांत मी तो विसरूनही गेलो. साधारण तीन आठवड्यांनी त्याच जागी मुगाच्या दाण्याएवढी लालसर गाठ आली. ती दुखत नव्हती, म्हणून दुर्लक्ष केले. पुढे ती फुटली आणि मनगटाच्या दिशेने तशाच गाठी ओवलेल्या मण्यांसारख्या एका ओळीत वर सरकू लागल्या. दोन महिने बुरशीचे मलम आणि नेहमीच्या प्रतिजैविकांच्या गोळ्या यांत गेले. तिसऱ्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘घरी मासे पाळता का?’

या गाठी ज्या जंतूमुळे आल्या, त्याचे नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षय आणि कुष्ठरोगाच्या जंतूंचा हा भाऊबंद, १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात मेलेल्या खाऱ्या पाण्यातील माशांत ओळखला गेला. तो ३० अंश सेल्सिअसच्या आसपास उत्तम वाढतो, म्हणून बोटे, मनगट असे शरीराचे तुलनेने थंड भाग त्याला मानवतात. त्याचमुळे प्रयोगशाळेने नमुना फक्त नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवला, तर त्यात काहीच उगवले नाही असा अहवाल येण्याचा संभव असतो. मला क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल या गोळ्या चार महिने घ्याव्या लागल्या. सांगायचे हे की बोटावरची गाठ दाखवायला जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता टाकीचा उल्लेख आपणहून करावा. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी तर टाकीत हात घातल्यानंतर जखम काही तासांतच सुजू लागली किंवा ताप चढला, तर एक रात्रही थांबू नये. कोमट खाऱ्या पाण्यात वाढणारे व्हिब्रिओ जातीचे काही जंतू फार वेगाने पसरतात.

जंतूंपेक्षा मला आता धास्ती वाटते ती टाकीतल्या रंगीत ‘बटनां’ची. दगडावर चिकटून वाढणाऱ्या, प्रवाळांच्या जातकुळीतल्या झोअँथिड गटातल्या या देखण्या जिवांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे जहाल विष असते, जे १९७१ मध्ये हवाईतील माऊई बेटावरच्या अशाच जिवांपासून वेगळे काढण्यात आले. कोणत्या बटनात ते आहे आणि कोणत्यात नाही, हे नुसते पाहून कळत नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही. तुकडे वेगळे करून वाढवण्यासाठी हे जीव कापताना त्यांतून पाण्याची चिळकांडी उडते, म्हणून हातमोज्यांबरोबर डोळ्यांवर चष्माही हवा. त्यांनी व्यापलेला दगड साफ करण्यासाठी उकळत्या पाण्यात टाकणे तर जिवावर बेतू शकते, कारण विष वाफेबरोबर घरभर पसरते.

यावर ‘आमच्या मासळीवाल्या कुठे मोजे घालतात?’ असा प्रश्न मला विचारला जातो. शिंगाळ्याचा काटा कुठे असतो हे मासळीवालीच्या बोटांना ठाऊक असते. आपल्याला आपल्या टाकीतल्या निम्म्या जिवांची धड नावेही माहीत नसतात.

मोजे कोणते, हेही महत्त्वाचे. दवाखान्यातले मनगटापर्यंतचे पातळ मोजे उथळ कामाला ठीक, पण हात खोल गेला की पाणी वरून आत शिरते आणि जखम त्यातच भिजत राहते. कोपराच्या बरेच वर जाणारे, आत पावडर नसलेले जाड रबरी मोजे घ्यावेत, ते फक्त टाकीसाठी ठेवावेत आणि वापरण्याआधी आत पाणी भरून, दाबून छिद्र तपासावे. यात माशांचेही हित आहे, कारण साबण आणि संध्याकाळी हाताला चोळलेले डासांचे मलम मग पाण्यात उतरत नाही. मात्र लायनफिश या विषारी काट्यांच्या माशाचा काटा रबरातूनही आरपार जातो. तसा काटा लागलाच, तर हात सोसवेल इतक्या, ४५ अंशांहून कमी, गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि डॉक्टरांकडे जावे. पाण्याची ऊब दुसऱ्या, धड हाताने तपासावी, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही.

ज्या दुकानातून मी टाकी घेतली, तिथे मिठाची बादली, दिवे, चाचणीचे संच असे सगळे आग्रहाने दाखवले गेले. मोज्यांचा शब्दही कोणी काढला नाही आणि मीही विचारला नाही. राज्यातील मत्स्यालय विक्रेत्यांना विनंती आहे की खाऱ्या पाण्याच्या प्रत्येक टाकीबरोबर लांब मोज्यांचा एक जोड द्यावा, त्याचे पैसे हवे तर बिलात लावावेत, आणि बटने विकताना पिशवीवर त्यांच्या विषाची सूचना मराठीत व कोंकणीत चिकटवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, फोंडा