रनबुक लिहिणाऱ्यास

सप्रेम नमस्कार,

तुम्ही टीम बदललीत, पण ऑन-कॉलची, म्हणजे सिस्टिम बिघडली की केव्हाही उठून ती सावरायची, पाळी ज्याच्याकडे येते त्याच्या स्क्रीनवर अजून तुमचंच रनबुक, बिघाडात काय करायचं ते सांगणारं पान, उघडं असतं. मोठ्या कंपनीत कोड लिहिणारे शेकडो. रात्री तीनला पेजर वाजल्यावर काय करायचं हे लिहून ठेवणारे फार थोडे. त्याबद्दल हे आभार.

पहिलीच ओळ: आधी रोलबॅक, मग कारण. गेल्या तासाभरात नवा कोड डिप्लॉय झाला असेल तर लॉग (सिस्टिमच्या नोंदी) वाचत बसू नका, मागची आवृत्ती परत आणा. लगेच खाली अपवाद: सोबत डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे त्याच्या रचनेतला बदल, गेलं असेल तर थांबा, कारण जुना कोड आता नसलेला कॉलम शोधेल आणि दुसराच बिघाड सुरू होईल. नियम सगळेच लिहितात, अपवाद लिहायचा राहून जातो.

डिस्क भरल्याचा परिच्छेद तर आमच्यातल्या कित्येकांना तोंडपाठ आहे. 'डीएफ' ही कमांड सांगते डिस्क 100 टक्के भरली, फाइलींची बेरीज करणाऱ्या 'डीयू'च्या हिशेबात निम्मी रिकामी. लॉगची फाइल डिलीट झालेली असते, पण एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रामने) ती उघडी धरलेली असते, म्हणून जागा सुटत नाही. कोणती फाइल कोणी उघडली ते दाखवणाऱ्या 'एलसॉफ'ने ती प्रोसेस शोधायची आणि रीस्टार्ट करायची. आणखी फाइली पुसत सुटायचं नाही. पुढे कंसात तुम्ही लिहिलंय, जुने लॉग आपोआप हटवणाऱ्या लॉगरोटेटची सेटिंग सकाळी दुरुस्त करा, आत्ता नाही. झोपेतून उठलेल्या माणसाला हेही सांगावं लागतं.

रिट्रायचं, म्हणजे फसलेली विनंती पुन्हा पाठवण्याचं, गणितही तुमच्यामुळेच डोक्यात बसलं. एकाखाली एक तीन सेवा, प्रत्येकीचे तीन प्रयत्न, म्हणजे एका विनंतीपायी तळाच्या डेटाबेसवर 27 धडका. आधीच धापा टाकणारा डेटाबेस मग उठतच नाही. रिट्राय एकाच थरात ठेवायचा, दर खेपेला थांबण्याचा वेळ दुप्पट करायचा आणि त्यात थोडा रँडम फरक मिसळायचा, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येऊन आदळतात.

सेवा 99.9 टक्के वेळ चालू ठेवायची म्हणजे 30 दिवसांत साधारण 43 मिनिटं बंद राहण्याची मुभा, आणि 99.99 म्हणजे जेमतेम सव्वाचार. लॅपटॉप उघडून लॉगिन होईपर्यंतच ती संपतात. आणखी एक नऊ मागणाऱ्या मॅनेजरला तुमचा हा हिशेब दाखवला की पुरतं.

पोस्टमॉर्टेमच्या, म्हणजे बिघाडानंतरच्या तपासणीच्या, नमुन्यात तुम्ही चूक करणाऱ्याच्या नावाचा रकानाच ठेवला नाहीत, फक्त 'कमांडने का अडवलं नाही?' एवढंच विचारलंत. बढतीच्या फॉर्ममध्ये मात्र असल्या पानांसाठी रकाना नसतो, हे खटकतं.

एक बदल केलाय. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट बदलण्याच्या चौथ्या पायरीत सर्व्हर रीलोड करायचं राहिलं होतं. फाइल नवी असूनही मेमरीतलं जुनंच चालू राहतं. ती ओळ जोडली आणि शेजारी तारीख टाकली, तुम्ही टाकायचात तशी.

आपले,
ऑन-कॉलच्या पाळीतले सगळे