बाटली तुझ्या हातात असणार, म्हणून तुला लिहितेय

सोन्या,

काल फोन ठेवला आणि झोपच लागली नाही. तू म्हणालास, "आई, तिला दूध कमी पडतंय बहुतेक, पावडर सुरू करू का?" आणि मागून रडण्याचा आवाज येत होता, बाळाचा नाही, सूनबाईचा. आणि मी काय बोलले तर "डॉक्टरांना विचारा बाबा". एकदम सरकारी उत्तर. आता पहाटेचे ४ वाजलेत, तुम्हीही जागेच असाल म्हणा, पण फोन करत नाही, लिहितेच. बाळ खांद्यावर टाकून एका हाताने स्क्रोल करत वाचलंस तरी चालेल.

आधी माझी चूक सांगते. गेले १९ दिवस रोज फोनवर माझा पहिला प्रश्न काय असतो? "दूध पुरतंय ना?" मला वाटायचं मी काळजीने विचारतेय. काल ते रडणं ऐकलं आणि एकदम तुझी आजी डोळ्यासमोर आली, दारात उभी राहून हेच विचारायची, आणि तिने विचारलं की माझा सुटत आलेला पान्हा तिथेच थांबायचा. हे मनाचे खेळ नाहीत हं. पान्हा सुटायला जे ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन लागतं ते दुखण्याने, टेन्शनने, कोणीतरी बघतंय या लाजेने अडकतं, म्हणजे दूध आत असतं पण सुटत नाही, बाळ चिडतं, आई अजून घाबरते आणि चक्र सुरू. हे सगळं भोगलेली बाई मी, आणि तिला तेच विचारत बसले. तिला सांग आईने सॉरी म्हटलंय. नको राहू दे, मीच सांगेन.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट. तुझी आजी शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत होती की माझा नातू फक्त आईच्या दुधावर वाढला. तू दोन्हीवर वाढलायस रे. अंगावरचं आणि वरचं. बाटली कपाटात चादरींच्या मागे असायची.

झालं असं की जन्मताना तुझं वजन ३ किलो १०० ग्रॅम होतं आणि पाचव्या दिवशी २ किलो ७५०. पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, ७ टक्क्यांपर्यंत कोणी फार घाबरत नाही, पण १० च्या वर गेलं की डॉक्टर लक्ष घालतात आणि तुझं ११ च्या पुढे गेलेलं. त्यात लंगोटावर विटकरी रंगाची पूड दिसली, मला वाटलं रक्तच, मी किंचाळले होते. ते रक्त नव्हतं, लघवी घट्ट झाली की तसे कण दिसतात, पण पाचव्या दिवशी ते दिसणं म्हणजे दूध पोटात पोचत नाहीये. डॉक्टर म्हणाले प्रत्येक वेळी आधी अंगावर पाज, मग ३० एमएल वरचं. मी तिथेच रडायला लागले, जणू नापास झाले. तुझे बाबा शांतपणे म्हणाले, "३० एमएल म्हणजे किती चमचे पावडर?" मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता! आता वाटतं त्या खोलीत डोकं ठिकाणावर असलेला तेवढा एकच माणूस होता.

म्हणून हे पत्र तुला आहे, तिला नाही. पाजायचं तिलाच आहे, पण बाटली तू देणार. आणि बाटली कशी देतात यावर अंगावरचं दूध टिकणार की जाणार हे बऱ्यापैकी ठरतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

तुझ्या बाबांनी केलेली चूक सांगते, प्रेमापोटी केलेली. मी इतकी दमलेले की ते म्हणाले तू झोप, रात्रीच्या सगळ्या बाटल्या मी देतो. दोन रात्री मी अशी झोपले की काय सांगू, स्वर्ग. तिसऱ्या सकाळी उठले तर छाती दगडासारखी, एका बाजूला लाल पट्टा, आणि थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि वर सांगितलं की पाजणं थांबवायचं नाही. त्यानंतर दूध खरंच कमी झालं आणि परत वाढायला दोन आठवडे गेले. का, तर अंगावरच्या दुधाचा हिशोब साधा आहे, जेवढं निघतं तेवढं बनतं. दूध साचून राहिलं की शरीर समजतं मागणी नाही, बनवणं कमी करा. तू बाटली दिलीस हे तिच्या शरीराला कळतच नाही ना, त्याला एवढंच कळतं की आज बाळ आलं नाही. आणि दूध बनवणारं दुसरं हार्मोन, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रात्रीचं पाजणं पूर्ण तोडायचं नाही. तिला सलग ४-५ तास झोप दे, जरूर दे, मधली एक बाटली तुझी, पण ती झोपायच्या आधी पाजून झोपू दे आणि उठल्यावर परत पाजू दे किंवा पंप करू दे. सोपा नियम म्हणजे अंगावरच्या फीडच्या जागी बाटली गेली की एकदा दूध काढायचं, पंपाने नाहीतर हाताने, १०-१५ मिनिटं पुरतात.

पंपाचं एक सांगून ठेवते, त्यात २० एमएल निघालं म्हणून "बघ मला येतच नाही" असं ती म्हणेल. बाळ नीट धरून ओढतं तसं मशीन ओढत नाही, पंपात किती आलं यावरून आत किती आहे ते कळत नाही. पुढे कधीतरी, साधारण दीड महिन्याला, छाती मऊ लागायला लागेल, दाटणं थांबेल, तेव्हाही लोक म्हणतील दूध गेलं. गेलेलं नसतं, मागणीप्रमाणे बसलेलं असतं. संध्याकाळी बाळ अर्ध्या अर्ध्या तासाने मागतं ना, ते पण नॉर्मल आहे, एवढंसं बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा पितंच.

मग खरंच कमी पडतंय का हे कशावरून कळणार, तर रडण्यावरून नाही. डायपर मोज. पहिला आठवडा सरला की दिवसरात्र मिळून ६ तरी चांगले ओले हवेत. आणि वजन. जन्माचं वजन दोन आठवड्यांपर्यंत परत यायला हवं, तुमचं आलंय का ते मी विचारलंच नाही बघ, नुसतं "पुरतंय ना" करत बसले. तिथून पुढे रोजचे सरासरी २०-३० ग्रॅम वाढायला हवेत. आज दवाखान्यात जा आणि एकाच काट्यावर वजन करत जा, घरच्या काट्यावर तू बाळाला घेऊन उभा राहून वजाबाकी करतोस ते बंद कर, त्यात काही अर्थ नाही.

आणि तिकडे गेलाच आहात तर तिला पाजताना कोणीतरी जाणकाराने बघितलं पाहिजे, लॅक्टेशन कन्सल्टंट, म्हणजे अंगावर पाजायला शिकवणारी तज्ज्ञ, असेल तर उत्तमच. माझं निम्मं दुखणं तिथेच होतं. तू नुसतं टोक तोंडात धरायचास, भोवतीचा काळा भाग घ्यायचाच नाहीस, त्यामुळे मला भेगा आणि तुला दूध नाही. एका नर्सने ५ मिनिटांत दाखवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी छातीला आधी टेकवायची, बाळाचं पोट आईच्या पोटाला. त्या दिवशी पहिल्यांदा मला गिळल्याचा आवाज ऐकू आला. जिभेखालची पट्टी आखूड असेल तरी धरता येत नाही, ते पण बघायला सांग.

आता बाटली. समज डॉक्टर म्हणाले थोडं वरचं द्या, तर किती ते त्यांच्याकडूनच घे, डब्यावर एका वेळी किती पाजायचं म्हणून छापलेलं माप फक्त पावडरवर असलेल्या बाळाचं असतं, ते अंगावरच्या वर घातलंस तर बाळ अंगावर यायचंच नाही. आधी अंगावर, मग बाटली. एखाद्या वेळी ते भुकेने इतकं पिसाळलेलं असेल की धरायलाच तयार नाही, तर थोडं बाटलीतलं देऊन शांत करा आणि मग अंगावर लावा, नियमाला चिकटून रडारड नको. निपल सगळ्यात हळू वाहणारं घे. बाळाला आडवं झोपवून बाटली उलटी करून ओतायची नाही. बसतं धरायचं, डोकं हातावर, बाटली जवळजवळ आडवी, निपल ओठाला हळूच टेकवायचं आणि त्याने स्वतः तोंड उघडून ओढून घेईपर्यंत थांबायचं. चार-पाच घोट झाले की बाटली किंचित खाली, त्याला श्वास घेऊ दे. अंगावर प्यायला कष्ट लागतात, मध्ये मध्ये थांबावं लागतं, बाटली पण तशीच दिली की बाळ आळशी होत नाही. ओठांच्या कडेतून दूध गळतंय, डोळे मोठे झालेत, बोटं ताणलीत म्हणजे वेग जास्त होतोय. आणि संपवायलाच पाहिजे असं काही नाही हं, ५ एमएल राहिलं तर राहिलं.

मुठी बघ. प्यायला सुरुवात करताना बाळाच्या मुठी घट्ट आवळलेल्या असतात, अगदी हनुवटीपाशी. पोट भरत आलं की एकेक बोट सुटत जातं. तुझे बाबा बाटलीवरच्या खुणा बघायचेच नाहीत, तुझी मूठ बघायचे, आणि हात उघडून लोंबायला लागला की मला हळूच हाक मारायचे, "सुटली".

पावडर करताना मात्र प्रेम बाजूला ठेव आणि केमिस्ट हो. पावडर निर्जंतुक नसते, डबा सीलबंद असला तरी. म्हणून पाणी उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत वापरायचं म्हणजे ते ७० अंशांच्या खाली जात नाही, आधी पाणी मोजून बाटलीत, मग पावडर, चमचा दाबून भरायचा नाही, वरून सुरीच्या सपाट पाठीने सारखा करायचा. नंतर झाकण लावून बाटली नळाखाली धरून गार कर आणि मनगटावर थेंब टाकून बघ. बाबा चमचे मोठ्याने मोजायचे, रात्री २ वाजता "एक... दोन...", आणि मध्ये मी काही बोलले की ते सगळं ओतून परत पहिल्यापासून. पातळ करायचं नाही कधी, जास्त पुरावं म्हणून नाही आणि पचायला हलकं म्हणूनही नाही. केलेलं दूध २ तासांत संपवायचं, तोंड लावलेलं असेल तर तासाभराने उरलेलं बेसिनमध्ये. जीव तुटतो पण ओतायचं.

तिचं काढलेलं दूध मात्र जपून ठेव, बाहेर ४ तास, फ्रिजच्या आतल्या बाजूला ४ दिवस, दारात नाही. मायक्रोवेव्ह नाही, गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेव. आणि दोन्ही एका बाटलीत मिसळू नका, उरलं तर तिचं पण फेकावं लागतं, आणि तिने अर्धा तास बसून काढलेलं ४० एमएल सिंकमध्ये जाताना तिचा चेहरा कसा होतो ते तुला बघायचं नाहीये. आधी तिचं द्यायचं, लागलं तर मग पावडरचं.

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि मी काही त्यांच्याशी भांडणार नाही, जमलं तर सोन्याहून पिवळं. तुझं वजन भरल्यावर माझंही वरचं हळूहळू कमी झालं, दर चार दिवसांनी १०-१० एमएल काढत गेलो, पण शेवटची संध्याकाळची बाटली काही सुटली नाही. ती राहिली. आणि अंगावर तू ९ महिने प्यायलास, मग एक दिवस स्वतःच तोंड फिरवलंस. मी त्या दिवशी पण रडले, म्हणजे बघ.

तिला "तू टेन्शन घेऊ नकोस" असं म्हणू नकोस, त्याने कोणाचं टेन्शन गेलेलं मी बघितलं नाही. पाण्याचा ग्लास भरून तिच्या हाताशी ठेव. बाळाचे कपडे काढून, नुसत्या डायपरवर तिच्या छातीवर झोपू दे दोघांना, वर चादर टाक, तू जागा राहून लक्ष ठेव आणि येणारे जाणारे दारातूनच परत पाठव. त्यात मीही आले. पुढच्या आठवड्यात येतेय पण आधी तिला विचार, ती नको म्हणाली तर मला खरं सांग, मी रुसणार नाही. थोडी रुसेन.

बाटली धुताना निपल रिंगमधून सुटं करून धू, त्या खाचेत दूध साचतं आणि वरून दिसत नाही.

तुझी,
आई