कपिलेच्या घरून, गुरुजींना

आदरणीय गुरुजी,

सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्हाला समोरासमोर काही बोलायला गेलं की तुम्ही "असू दे हो, असू दे" म्हणता आणि पंचांग उघडून बसता. दक्षिणेपलीकडे तुम्ही काही घेतलं नाहीत. चहासुद्धा तुमच्याच घरचा प्यायलो. तेव्हा हे तरी घ्या.

बाबांच्या अस्थी घेऊन मी आणि माझा चुलतभाऊ रामकुंडावर आलो, त्या सकाळी आम्हाला धड काही सुचत नव्हतं. सगळं उरकल्यावर तुम्ही विचारलंत, "मूळ गाव कोणतं?" मी म्हटलं, नाशिकच. तुम्ही मान हलवलीत. "नाशिक आत्ताचं. त्याच्या आधीचं?" चुलतभाऊ म्हणाला, चांदवड. मग आडनाव विचारून झालं, आणि दुसऱ्या दिवशी घरी बोलावणं आलं.

यजमानांच्या वंशावळीची जुनी वही काढायला लाल बासनाची गाठ सोडताना तुम्ही जी काळजी घेत होता, ती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या. तुम्ही प्रत्येक पान दोन्ही तळव्यांवर उचलून उलटत होता, आणि पंखा बंद करायला सांगितला होतात. एप्रिलची दुपार होती. तुमच्या कपाळावरचा घाम वहीवर पडू नये म्हणून तुम्ही उपरणं डोक्याला गुंडाळलंत.

आमच्या पणजोबांना, आबांना, घरात सगळे "चक्रम" म्हणत आले, हे मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं. आबा भांडी बाजारातल्या एका पेढीवर दिवाणजी. पेढीवरची कीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, लिहून मन भरायचं नाही म्हणून घरचीही लिहायचे. पितृपक्षात कावळ्याला घातलेली पोळी कावळ्याच्या नावे. नातवंडं खोटं बोलली की दंड एक आणा, तो त्यांच्याच खात्यावर जमा, आणि पाडव्याला व्याजासकट परत. पावसाळ्यात रोज गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन काठावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय ते बघायचे आणि तेही टिपायचे: "गुडघे", "कंबर", "छाती". १९६९ च्या महापुरात मारुतीच दिसेना, तेव्हा त्या दिवशीच्या पानावर म्हणे एवढंच होतं, "मारुती गैरहजर."

ती कीर्द पुढे रद्दीत गेली. कुणी घातली हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. त्यामुळे आबांच्या गोष्टी उरल्या त्या फक्त तोंडी, आणि तोंडी गोष्टीला आमच्या घरात कधी लगाम नव्हता.

म्हणून तुमच्या वहीत आबांचं अक्षर निघालं तेव्हा मला आधी विश्वासच बसेना. शके १८५८, म्हणजे १९३६. मोडीत. तुम्ही बोटानं दाखवलंत, आधी पानभर एक सरळ रेघ ओढायची आणि मग अक्षरं तिला लटकवत जायची, शब्दांत मोकळी जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. "यांचं वळण सुरेख आहे," तुम्ही म्हणालात. "दिवाणजी शोभतात." मग अडखळत नाही, घाई नाही, असं वाचत गेलात. आबांचे वडील, आजोबा, पणजोबा. चांदवड सोडून नाशकात बिऱ्हाड केल्याचा उल्लेख. आमच्या वंशजांनी यांनाच तीर्थोपाध्ये मानावे, ही ओळ. पुत्र तीन, त्यांची नावं. आणि मग तुम्ही थांबलात, चष्मा पुसलात, आणि म्हणालात, "पुढे... कपिला."

गुरुजी, त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात एक अख्खी कादंबरी झाली. आबांना मुलगी होती! लहानपणी गेली असणार. म्हणून तो माणूस असा विक्षिप्त झाला. घरात कुणी तिचं नाव घेतलं नाही, मुलगीच ना, कोण घेणार! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तुमच्यासमोरच आत्याला फोन लावला, स्पीकरवर. "आत्या, आबांना कपिला नावाची मुलगी होती?"

पलीकडून आधी काही आवाजच नाही. मग आत्या जी हसत सुटली. "अगं, ती गाय! चांदवडहून चालवत आणली होती त्यांनी."

तुम्ही परत वहीवर वाकलात. कपिला या नावाच्या पुढे बारीक अक्षरात "गाय १" होतं. तुमच्या आजोबांनी ते खोडलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत, फक्त इतकंच म्हणालात, "घरातलं माणूस म्हणून सांगितलं, तर आमच्या आजोबांनी लिहू दिलं."

त्यानंतर मला चेव चढला. नारोशंकराच्या देवळातली घंटा वसईहून आणली तेव्हा ती ओढणाऱ्यांत आमचा एक पूर्वज होता, अशी आमच्याकडे ठाम समजूत आहे. ते तुम्हाला विचारलं. तुम्ही बासन बांधता बांधता म्हणालात, "ताई, वसईची मोहीम संपली १७३९ ला. तुमचं बिऱ्हाड आलं १९३६ ला. घंटा तुमच्या बरीच आधी पोचली." चुलतभाऊ अजून रुसलेला आहे.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते ट्रामच्या गोष्टीचे.

जुन्या नाशकातून नाशिकरोड स्टेशनपर्यंत १८८९ पासून घोड्यांची ट्राम धावायची, हे नाशिककरांना सांगायला नको. आबांनी त्या ट्रामशी पैज लावली आणि चालत जाऊन ती जिंकली, ही आमच्या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट. आत्याच्या गोष्टीत ते नुसते चालतात. काकाच्या गोष्टीत उलटे चालतात. बाबांच्या गोष्टीत डोक्यावर तांब्याचं घंगाळ असायचं. बाकी काही बदललं तरी एक गोष्ट कुणीच बदलत नाही: वाटेत घोडे अडतात, गाडीवान चाबूक उगारतो तरी हलत नाहीत, आणि आबा मागे वळून टाळ्याला जीभ लावून "टॅक, टॅक, टॅक" करतात. घोडे मुकाट चालू लागतात. तो आवाज आमच्याकडे सगळ्यांना येतो. बाबा स्कूटर चालू होत नसली की किक मारताना तोच आवाज काढायचे.

हे ऐकून तुम्ही बोटांवर हिशेब केलात. ट्राम १९३० चं दशक उजाडता उजाडता बंद पडली. आबा आले १९३६ ला. "मग शर्यत कुणाशी लावली?"

मला वाईट वाटलं. घंटा गेली तर गेली, पण ट्राम? तुम्हाला ते तोंडावर दिसलं असावं. म्हणून तुम्ही वही मिटली नाहीत. माझ्या आजोबांचा लेख, म्हणजे वहीतली त्यांची नोंद, काढलात, १९८० च्या सिंहस्थातला, बाळबोधीतला. तीर्थश्राद्धात आईच्या बाजूचे तिघेही येतात, मातामह, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, हे मला ठाऊकच नव्हतं. आजोबांचे मातामह म्हणजे आमच्या पणजीचे, मोठ्या आईचे वडील. नावापुढे लिहिलं होतं, राहणार पंचवटी, नाशिक.

त्यांचं नाव आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आत्याकडून नंतर कळलं की लग्नात मानपानावरून बिनसलं, आणि आबांच्या वडिलांनी सून घरात घेतली पण व्याह्यांचं नाव उंबऱ्याबाहेर ठेवलं. मोठ्या आईच्या माहेरचा विषय पुढे कुणी काढला नाही. तिनेही नाही.

त्यांची वही तुमच्याकडे नव्हती, तुमच्या चुलतभावांकडे होती. बुधवार होता. गंगेवरच्या बाजाराच्या गर्दीतून, मेथीच्या जुड्या आणि हातगाड्या चुकवत, तुम्ही या वयात मला घेऊन चालत गेलात. त्याआधी एका कचेरीत याच कामासाठी मी तीन हेलपाटे घातले होते आणि "जुनं रेकॉर्ड नाही" यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं. त्यांच्याकडे बसायला जागा नव्हती. तुम्ही उभ्यानेच वाचलंत. नाव, वडिलांचं नाव, भाऊ दोन. आणि धंदा: "ट्रामवे, घोड्यांकडे."

तिथे कुणी काही बोललं नाही. मग तुमच्या तोंडून, नकळतच असेल, हळूच "टॅक, टॅक" निघालं.

आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मोठी आई आम्हाला निजवताना तोच आवाज काढायची गं, पाळण्याला झोका देता देता. मला आता असं वाटतं की सासरी बापाचं नाव घ्यायची चोरी, म्हणून तिनं त्याची गोष्ट नवऱ्याच्या अंगावर घातली. नवरा नाहीतरी चक्रम म्हणून प्रसिद्धच होता, त्याला एक शर्यत जड नव्हती. आणि आबांनीही कधी "तो मी नव्हे" म्हटलं नाही. कावळ्याच्या पोळीचा हिशेब ठेवणारा माणूस! त्यांना चूक कळली नसेल, हे मला पटत नाही.

शेवटी तुम्ही आमचा लेख घालायला वही पुढे केलीत आणि पेन चुलतभावाऐवजी माझ्या हातात दिलंत. "पूर्वी लेकींची नावं लिहीत नसत. तुम्ही लिहा." बाबांचं लिहिलं, आईचं, माझं, मुलीचं. तुम्ही गंभीर चेहऱ्याने विचारलंत, "घरात अजून कुणी?"

"मांजर आहे," मी म्हटलं.

"मग लिहा की. तुमच्यात प्रघात आहे."

गुरुजी, पितृपक्षात आत्याला घेऊन येते आहे. मोठ्या आईच्या वडिलांचं नाव तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. ट्रामची गोष्ट ती तुम्हाला ऐकवणारच, आणि सगळं कळूनही त्यात आबांनाच पळवणार आहे. यंदा घंगाळही घालणार असल्याचं फोनवर म्हणत होती. तेवढं ऐकून घ्या, मध्ये शके सांगू नका.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
कपिलेच्या घरातली